ओल चढते ती कुठवर

या पुस्तकाची सुरुवात आमच्या माजघराच्या भिंतीपासून झाली. घर जुने, जोते बसके, मागे परस आणि परसात न्हाणीचे पाणी जिरवलेले. पावसाळा लागला की भिंतीला जमिनीपासून वीतभर ओल यायची, दिवाळीच्या सुमाराला वाळायची आणि वाळता वाळता लोणा सोडून जायची. बोटाने टोकरले की रंगाचा पापुद्रा सुटे, आत मिठासारखी पांढरी भुकटी. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते आणि वीतभर ओलीने कुणाचे काही अडतही नव्हते. एका वर्षी रंगकाम काढले तेव्हा गवंडी म्हणाला, "सर, खालचा तीन फूट गिलावा खरवडून सिमेंटचा करू, वर टाइल मारू. परत बघायला नको." पटण्यासारखे होते. केले तसे.

दोन पावसाळे भिंत झकास राहिली. तिसऱ्या वर्षी टाइलच्या वरच्या कडेपासून चार बोटे उंचीवर रंगाला फुगवटा आला. मग फुगवटा फुटला आणि तिथे लोण्याची नागमोडी पांढरी रेघ उमटली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. वीतभर होती ती ओल आता कमरेपर्यंत आली होती. गवंड्याला बोलावले तर तो म्हणाला, "माल चांगला वापरला होता सर." खरे होते ते. माल चांगला होता म्हणूनच असे झाले. पूर्वी ओल वीतभर चढे आणि तिथल्या चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जाई. खालून जेवढी येई तेवढी वर उडे, म्हणून ती वीतभर राही. आम्ही तिची बाहेर पडायची वाट बुजवली. मग ती मोकळी भिंत मिळेपर्यंत वर सरकत गेली.

मी तोवर वीसेक वर्षे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. केशाकर्षणाचे सूत्र झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितले असते. पण त्या सूत्रात उंची 'कुठवर' एवढेच येते, तिथे पोहोचल्यावर पाण्याचे पुढे काय होते ते येत नाही. आणि घरात, शेतात, देवघरात, झाडात जिथे जिथे म्हणून हा प्रकार चालतो तिथे सगळी गंमत त्या पुढच्या भागातच आहे. पाणी चढते ते नळीमुळे. चढत राहते ते मात्र वरच्या टोकाला त्याचे कोण काय करते त्यावर. एवढे एकच सांगायला मी हे पुस्तक लिहिले. बाकीची प्रकरणे म्हणजे त्याचे पुरावे.

आधी शब्दाचा एक घोळ निस्तरू. 'केशाकर्षण' हा आपला शब्द ऐकून दरवर्षी कुणीतरी विचारतेच, केस कशाला आकर्षून घेतात? केसांचा इथे काही संबंध नाही. लॅटिन भाषेत केसाला जो शब्द आहे त्यावरून युरोपात केसाएवढ्या बारीक भोकाच्या नळीला नाव पडले, आपण त्याची केशनळी केली आणि तिच्यातल्या आकर्षणाचे केशाकर्षण. खरे तर मराठीने या गोष्टीची नोंद फार पूर्वी आणि फार अचूक केलेली आहे. भिंतीला ओल 'चढते', वातीला तेल 'चढते', टीपकागद शाई 'टिपतो', धोतराचा सोगा पाण्यात बुडाला तर ओल गुडघ्यापर्यंत 'ओढून घेतो'. पाणी आपल्या स्वभावाविरुद्ध वर जाते आहे हे या क्रियापदांना ठाऊक आहे. शास्त्रीय परिभाषा करणाऱ्यांनी यांपैकी एखादे उचलले असते तर वर्गातला एक प्रश्न कमी झाला असता.

प्रकार मुळात साधा आहे. पाण्याच्या आतल्या कणाला चहूबाजूंनी शेजारी असतात आणि सगळे त्याला आपल्याकडे ओढतात, म्हणून तो निवांत असतो. पृष्ठभागावरच्या कणाला वर कुणी नसते. पाण्याला असे कण जितके कमी तितके बरे, म्हणून ते आपला पृष्ठभाग आखडून घेऊ पाहते. हा आखडण्याचा जोर म्हणजे पृष्ठताण. थेंब गोल होतो तो त्यानेच. आता या पाण्याजवळ काच आणली तर काचेची ओढ पाण्याच्या आपसातल्या ओढीपेक्षा वरचढ ठरते आणि पाणी काचेच्या अंगावर पसरते. नळी अरुंद असेल तर सगळीकडच्या कडा जवळजवळ असतात, पृष्ठभाग वाटीसारखा खोलगट होतो आणि आखडता आखडता खालचा स्तंभ वर उचलतो. स्तंभाचे वजन आणि ही ओढ यांची बरोबरी झाली की थांबतो. अळूच्या पानासारखा आतला भाग असलेली नळी कुणी केली तर तिच्यात पाणी चढण्याऐवजी उतरेल. काचेच्या नळीत पारा तसा उतरतोच, एक मिलिमीटर भोकाच्या नळीत सेंटिमीटरभर.

पाण्याचा हिशेब तोंडी करता येतो. स्वच्छ काच, नेहमीच्या तापमानाचे पाणी, आणि नळीच्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये: त्याने ३० ला भागा, उंची मिलिमीटरमध्ये मिळते. एक मिलिमीटर भोक असेल तर ३० मिलिमीटर, म्हणजे दोन पेरे. दहाव्या भागाएवढे भोक असेल तर ३० सेंटिमीटर. शंभराव्या भागाएवढे असेल तर ३ मीटर. हे 'तीसचे गणित' पुस्तकात पदोपदी लागेल, म्हणून इथेच सांगून टाकतो.

हे गणित हाती यायला माणसांना बराच वेळ लागला. बारीक नळीत पाणी चढते हे लिओनार्दो दा व्हिंचीने पाहिले होते असे मानतात. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल आणि रॉबर्ट हुक यांनी त्यावर लिहिले. तेव्हाचा सर्वमान्य अंदाज असा की बारीक नळीत हवेला नीट शिरता येत नाही, तिचा दाब कमी पडतो, म्हणून बाहेरची हवा पाणी आत ढकलते. लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवणाऱ्या फ्रान्सिस हॉक्सबीने अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात नळी हवा काढलेल्या पात्रात ठेवली. पाणी तितकेच चढले. हवेचा प्रश्न मिटला. मग त्याने जाड काचेची आणि पातळ काचेची, पण सारख्याच भोकाच्या नळ्या घेतल्या. दोन्हीकडे उंची सारखी. म्हणजे काचेच्या आतल्या अंगाशी जो पातळ थर आहे तेवढ्याचेच काम, मागे कितीही काच असो. मला हा प्रयोग फार आवडतो. यात मोजायचे काहीच नाही, दोन नळ्या शेजारी धरायच्या की झाले.

पण माझ्या भिंतीचे उत्तर दिले ते जेम्स ज्युरिनने. हा मूळचा डॉक्टर, पुढे रॉयल सोसायटीचा सचिव झाला आणि देवी टोचण्याचे फायदेतोटे आकड्यांत मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. भोक निम्मे केले की उंची दुप्पट, हा नियम त्याच्या नावाने ओळखतात, तो १७१८ सालचा. पाठ्यपुस्तकात एवढेच येते. त्याचा खरा तिढा सोडवणारा प्रयोग मात्र सहसा येत नाही. त्याने जोडनळ्या घेतल्या: एक भाग रुंद, एक अरुंद. रुंद भाग खाली आणि अरुंद भाग वर ठेवून, आधी पाणी अरुंद भागापर्यंत ओढून घेतले आणि सोडले. पाणी तिथेच टिकले. रुंद भागात एवढे पाणी एरवी चढले नसते, पण वर पृष्ठभाग अरुंद भागात होता, आणि खालचा सगळा भरभक्कम स्तंभ त्या एवढ्याशा वाटीने तोलून धरला. नळी उलटी केली तर उंची रुंद भागाप्रमाणे. म्हणजे खाली काय आहे याने काही ठरत नाही. पृष्ठभाग जिथे आहे तिथली रुंदी सगळे ठरवते. वरचे टोक.

हे वाक्य लक्षात ठेवा, नारळाच्या झाडाजवळ पोहोचलो की पुन्हा लागेल.

गणिताची पक्की बांधणी त्यानंतर शंभरेक वर्षांनी झाली. थॉमस यंग आणि लाप्लास यांनी एकदोन वर्षांच्या अंतराने, १८०५-०६ च्या सुमाराला, वक्र पृष्ठभागाच्या दोन बाजूंना दाब किती वेगळा असतो ते मांडले. यंगने जवळजवळ सगळे शब्दांत लिहिले, त्यामुळे ते वाचताना दमछाक होते. लाप्लासचे समीकरण सरळ आहे पण रुक्ष. या दोघांचे मी एका प्रकरणात आटोपले आहे आणि ते गाळून पुढे गेलात तरी काही बिघडणार नाही. आइनस्टाइनचा छापून आलेला पहिला निबंध १९०१ चा, केशाकर्षणावरचाच. पुढे त्याला स्वतःलाच तो टाकाऊ वाटला. आपल्याकडे रामन यांनी १९०७ साली, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, पृष्ठताण मोजण्याच्या एका पद्धतीवर निबंध छापला होता. सांगायचे एवढेच की मोठमोठ्यांनी इथे हात घालून पाहिलेला आहे.

आता प्रयोगशाळेतली एक गोष्ट. केशनळीने पृष्ठताण काढायचे प्रॅक्टिकल ज्यांनी केले आहे त्यांना ते आठवेल. बीकरमध्ये पाणी, स्टँडला केशनळी, समोर ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप. डोळा लावायचा, आडवी तार त्या वाटीच्या तळाला टेकवायची, वाचन घ्यायचे. उत्तर ७२ डाइन प्रति सेंटिमीटरच्या आसपास यायला हवे. आमच्या पोरांचे ५८ यायचे, ६१ यायचे, एकदा ४९ आले होते. मग पोरे शहाणी होतात, ७२ धरून मागे वाचने काढतात आणि जर्नल पूर्ण करतात. मीही माझ्या काळी तेच केले होते. एका वर्षी मात्र एका मुलीने तसे करायला नकार दिला. "सर, माझं अठ्ठावन्नच येतंय. तीनदा आलं." मी स्वतः डोळा लावून पाहिले. वाटी होती, पण उथळ, आणि तिची कड काचेवर एका बाजूला वर, एका बाजूला खाली. मी विचारले, नळी कुठे धरलीस? तिने चिमटीत धरून दाखवली. बोटांना वास आला खोबरेल तेलाचा. सकाळी वेणी घातली होती.

काच पाण्याला ओढते ती उघडी असेल तर. तिच्यावर तेलाचा पुसटसा थर बसला की पाण्याला काच दिसतच नाही, तेल दिसते. आम्ही नळी नायट्रिक अॅसिडने धुतली, मग भरपूर पाण्याने. बीकर वर उचलून नळी आतून ओली करून घेतली आणि मग हळूच खाली आणला, म्हणजे पाणी ओल्या काचेवरून उतरत येऊन आपल्या जागी थांबेल. ७१ आले. मुलगी खूश झाली. मी मात्र हिशेब करत बसलो की आजवर किती वर्षांच्या जर्नलांवर मी सह्या केल्या.

पाण्याच्या पृष्ठभागाला अशी इवलीशी घाणही किती जाचते, हे पहिल्यांदा नीट मोजले ते भांडी घासणाऱ्या एका तरुणीने. आग्नेस पॉकेल्स, जन्म १८६२, राहणार जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची. मुलींना तेव्हा विद्यापीठात प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ फ्रीडरिख भौतिकशास्त्र शिकायला ग्योटिंगेनला गेला, ही घरी आजारी आईवडिलांचे करत राहिली आणि त्याची पुस्तके मागवून वाचत राहिली. खरकट्या पाण्यावर तेलकटपणाने काय काय होते हे ती सिंकमध्ये रोज पाहत होती. तिने पत्र्याचा एक उथळ लांबट ट्रे केला, काठोकाठ पाणी भरले आणि पाण्यावर पत्र्याची आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पृष्ठभागावरचा मळ एका बाजूला दाटतो, दुसरी बाजू स्वच्छ राहते. मग एक छोटी चकती पृष्ठभागाला टेकवून ती उचलायला किती वजन लागते ते तराजूवर मोजायचे. एवढ्यावर तिने दाखवले की मळ विरळ असेपर्यंत पृष्ठताणाला फारसा फरक पडत नाही आणि एका विशिष्ट दाटीनंतर तो झपकन उतरतो.

दहाएक वर्षे हे सगळे वहीत राहिले. जानेवारी १८९१ मध्ये तिने इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेला जर्मनमध्ये पत्र लिहिले, कारण त्याचे याच विषयावरचे काम तिच्या वाचनात आले होते. रॅलेचा मोठेपणा असा की त्याने पत्राचे इंग्रजी भाषांतर शिफारशीसह 'नेचर'कडे पाठवले आणि मार्चमध्ये ते छापून आले. पृष्ठभागाच्या रसायनावरच्या कामासाठी अमेरिकेच्या अर्विंग लँगम्यूरला १९३२ मध्ये नोबेल मिळाले. तो जे उपकरण वापरायचा त्याच्या मुळाशी पॉकेल्सबाईंचा तो पत्र्याचा ट्रे आहे. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने बाईंना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या.

आता मूळ मुद्द्याकडे. समजा नळीत पाणी ३० मिलिमीटर चढणार आहे आणि मी ती नळी पाण्याबाहेर फक्त १० मिलिमीटर ठेवली. काय होईल? वर्गात हा प्रश्न टाकला की निम्मे हात वर जातात: कारंजे उडेल, निदान पाणी काठावरून ओघळेल. करून पाहा. पाणी काठापर्यंत येते आणि थांबते. खोलगट वाटी थोडी सपाट होते, तिची ओढ तेवढीच कमी होते आणि तोल साधतो. एक थेंब बाहेर पडत नाही. पडला असता तर तो खाली पाडून त्यावर चाक फिरवले असते, फुकटात. या फुकट चाकाचा मोह शहाण्यासुरत्यांनाही झालेला आहे. म्हैसूरच्या लढायांत कंपनीच्या फौजेवर आलेल्या अग्निबाणांवरून स्वतःचे अग्निबाण बनवणारा विल्यम काँग्रीव्ह हा साधासुधा माणूस नव्हता. त्याने १८२७ मध्ये स्पंजांच्या अखंड पट्ट्याचे यंत्र सुचवले होते: एका बाजूचे स्पंज पाणी पिऊन जड होतील, दुसऱ्या बाजूचे वजनांच्या साखळीखाली पिळले जातील, चाक कायम फिरत राहील. स्पंजाला जे पाणी केशाकर्षणाने घेता येते ते सोडायला तेवढेच काम करावे लागते, हे त्यात धरलेले नव्हते.

म्हणजे केशाकर्षण पाणी एकदा उचलून देते. पुढचे पाणी उचलायचे तर आधीचे कुणीतरी घेऊन जायला हवे.

देवघरातली समई घ्या. न पेटवलेल्या वातीला तेल चढते, ती भिजते आणि तशीच राहते, दोन दिवस ठेवा नाहीतर दहा. पेटवली की टोकाचे तेल वाफ होऊन जळते, तेवढे खालून येते, आणि रात्रभर समईतले तेल एका कापसाच्या दोऱ्यातून वर जात राहते. ज्योत वातीवरून खाली तेलात उतरत नाही तीही त्यामुळेच, कारण वात जिथे तेलाने ओली आहे तिथे ती जळण्याइतकी तापत नाही. तेल संपले की वात स्वतः जळू लागते आणि काजळी धरते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर दिलेल्या व्याख्यानांत मायकेल फॅरेडेने हेच सांगितले होते. त्याने मिठाचा एक खांब बशीत उभा केला, बशीत निळे केलेले मिठाचे पाणी ओतले आणि निळाई खांबावर चढताना दाखवली. मिठाचे पाणी का, तर साध्या पाण्यात खांब विरघळला असता. हे त्याने मुलांना समजावून सांगितले, हे मला विशेष वाटते.

एक अपवाद आमच्या आजीला माहीत होता. वातीचे टोक समईच्या खाचेतून बाहेर लोंबत असेल तर न पेटवताही तेल ठिपकत राहते आणि सकाळी ताम्हनात चिकट डबके दिसते. "वात आत घे, तेल गळतं," एवढे ती म्हणायची. टोक तेलाच्या पातळीच्या खाली गेले की घेऊन जायचे काम गुरुत्वाकर्षण करते. सुट्टीत गावाला जाताना बादलीतून कुंडीत सुताची दोरी सोडणारे लोक याच खोडीचा उपयोग करतात. बादली मात्र कुंडीपेक्षा वर हवी, हे विसरलेल्यांची झाडे परत आल्यावर वाळलेली मिळतात.

शेतात ज्योतीचे काम ऊन करते. आमच्या सोलापूरकडे रब्बी ज्वारी पेरतात ती जमिनीत साठलेल्या ओलीवर. परतीचा पाऊस संपला की पुढे चार महिने वरून थेंब नाही, जे काही आहे ते काळ्या मातीच्या पोटात. त्या ओलीला दोन धनी: पीक आणि ऊन. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असे शेतकरी म्हणतात, आणि कोरडवाहूच्या शिफारशीतही तीन कोळपण्या सांगितलेल्या असतात: पीक तीन आठवड्यांचे असताना फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांना पासेच्या, आठ आठवड्यांना दातेरी कोळप्याने. शाळेत याचे कारण सांगतात की कोळपणीने मातीतल्या केशनळ्या तुटतात, ओल वर येऊन उडत नाही. हे अर्धेच खरे आहे. मातीचा वरचा थर वाळला की तो आपोआपच सुट्या पांघरुणासारखा वागतो, मग तोडायचे फारसे उरत नाही. अमेरिकेच्या मैदानी मुलखात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही उत्साही लोकांनी हे तत्त्व इतके ताणले की शेते सतत कुळवून वर धूळच केली, आणि ती धूळ वाऱ्याबरोबर गेली. काळ्या मातीचे मात्र वेगळे. ती वाळली की भेगाळते. हिवाळ्याच्या अखेरीला आमच्या रानात भेगेत काठी घातली तर कोपरभर आत जाते. त्या भेगांच्या भिंतींवरून खोलातली ओल थेट हवेत जाते, म्हणजे एक टोक बंद झाले तरी शंभर टोके आतून उघडतात. दातेरी कोळपे माती मोकळी करून त्या भेगा बुजवते. शेतकऱ्याची म्हण बरोबर आहे, आमच्या शाळेतले स्पष्टीकरण लंगडे आहे, आणि त्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे.

झाडांबाबत शाळेतले स्पष्टीकरण नुसते लंगडे नाही, चुकीचेच आहे. मुळातून शेंड्यापर्यंत पाणी केशाकर्षणाने चढते असे अजूनही सर्रास सांगतात. तीसचे गणित करा. झाडाच्या जलवाहिन्यांचा व्यास साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापासून पाचव्या भागापर्यंत. म्हणजे पाणी चढेल वीतभर, फार तर दीड मीटर. कोकणातल्या वीस मीटर उंच माडाच्या शहाळ्यात पाणी कसे पोहोचले मग? इथे ज्युरिनची जोडनळी आठवा. वाहिनी खाली रुंद असली तरी चालते, पृष्ठभाग जिथे आहे तिथली रुंदी महत्त्वाची. झाडात पाण्याचा शेवटचा पृष्ठभाग वाहिनीत नाही, पानाच्या पेशीभित्तिकांत आहे, आणि तिथली छिद्रे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या घरात. तीसचे गणित तिथे तीन किलोमीटर सांगते. झाडाला एवढे लागत नाही, पण लागले तर हाताशी आहे. पानातून पाणी उडते, त्या सूक्ष्म वाट्या आतल्या पाण्याला ओढतात, आणि पाण्याचे कण एकमेकांना धरून असल्यामुळे ती ओढ दोरासारखी मुळापर्यंत पोहोचते. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये हे मांडले तेव्हा पाणी असे ताणले जाऊ शकते यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. पंप लावून वरून ओढले तर पाणी दहा मीटरच्या वर येत नाही हे सगळ्यांना पाठ होते. माड रोज दुप्पट उंच नेत होता. खालून भरत भरत वाढलेला, त्यामुळे त्याची वाहिनी पहिल्या दिवसापासून भरलेली, ज्युरिनने आधी ओढून भरलेल्या नळीसारखी.

आणि गुरुत्वाकर्षणच काढून घेतले तर? २००८ मध्ये डोनाल्ड पेटिट या अंतराळवीराने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात प्लास्टिकच्या चोपड्या तावाची एक कपासारखी घडी केली, आडवा छेद थेंबाच्या आकाराचा, एका बाजूला टोकदार कोपरा. तिथे कॉफी पेल्यात राहत नाही, पिशवीला नळी लावून प्यावी लागते. या कपात कॉफी त्या अरुंद कोपऱ्याने काठापर्यंत आपसूक चढली, तिला मागे ओढायला वजनच नव्हते. चढली आणि काठाशी थांबून राहिली. पेटिटने ओठ लावले, घोट घेतला, कॉफी पुन्हा काठाशी आली.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. छपाई, कापडरंगाई, तेलविहिरींतले खडक, रक्त तपासायच्या पट्ट्या, यांवर प्रत्येकी स्वतंत्र पुस्तक होईल. मी त्यांना शिवलो नाही. शाईचे पेन थोडक्यात आहे. टीपकागदावर ओल सुरुवातीला भरभर आणि मग रेंगाळत का पसरते, दुप्पट अंतराला चौपट वेळ का लागतो, त्या लुकास-वॉशबर्न नियमावर एक प्रकरण आहे आणि त्याचा प्रयोग घरच्या मांजरपाटाच्या पट्टीवर करता येतो. सूत्रे शेवटच्या परिशिष्टात एकत्र दिली आहेत. माजघराच्या टाइल आम्ही पुढे काढून टाकल्या आणि चुन्याचा गिलावा परत केला. ओल पुन्हा वीतभरावर आली आहे, आणि आता तिला कुणी काही म्हणत नाही.

प्रयोगांना लागणारे सामान फार नाही. फोटोफ्रेमच्या दोन काचा, त्यांच्या एका कडेला चिमटा आणि दुसऱ्या कडेला आगकाडी, खाली शाईचे पाणी, की ब्रूक टेलरने १७१२ मध्ये पाहिलेली ती सुंदर वक्ररेषा तुमच्या टेबलावर उभी राहील: चिमट्याकडे उंच, आगकाडीकडे उतरत गेलेली. काचा आधी साबणाने धुवा. हातही धुवा. डोक्याला तेल लावले असेल तर दोनदा.